आकडा एकटा पाठवू नकोस

मुली,

स्थलांतराच्या तीन आकड्यांपैकी खरा कोणता, असं विचारलं आहेस. तिन्ही खरे आहेत, आणि तरीही तुझ्या टिपणीतलं 'स्थलांतर घटले आहे' हे वाक्य चूक आहे. नोकरी सोडावी का, यावर मी आज बोलणार नाही. मुंबईतल्या परप्रांतीयांबद्दलच्या तारांकित प्रश्नाचं (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) उत्तर परवा विधानभवनात जायचं आहे, ते आधी.

तू मांडलेले आकडे असे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी स्थलांतरित, म्हणजे लोकसंख्येच्या ३७ टक्क्यांहून थोडे जास्त. २०२०-२१ च्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे केंद्राच्या श्रमबल पाहणीत, २८.९ टक्के. आणि पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या डिसेंबर २०२४ च्या निबंधात २०२३ साठी ४०.२० कोटी. एकाखाली एक लिहिले की उतरती रेघ दिसते आणि वरच्यांना ती लगेच पटते. पण पहिला आकडा घरोघर जाऊन केलेली मोजणी आहे. दुसरा नमुना पाहणीतला. तिसरा रेल्वेची अनारक्षित तिकिटं, मोबाइलचं रोमिंग अशा खुणांवरून बांधलेला अंदाज. जनगणनेत आधीचं राहण्याचं ठिकाण वेगळं असलं की माणूस स्थलांतरित. इथे येऊन आठवडा झाला असो की चाळीस वर्षं. पीएलएफएसमध्ये नेहमीचं ठिकाण ठरायला सलग सहा महिने मुक्काम लागतो. त्यातही ते वर्ष जुलै २०२० ते जून २०२१ होतं, कोविडचं. कितीतरी माणसं गावी परतलेली होती. सर्वेक्षणाला सर्वेक्षण लावून बघ: २००७-०८ च्या एनएसएसच्या (राष्ट्रीय नमुना पाहणीच्या) ६४ व्या फेरीत हाच दर २८.५ होता. आता कुठे गेली तुझी घट?

म्हणून सांगते, आकडा एकटा पाठवू नकोस. त्याच्यासोबत चार गोष्टी गेल्याच पाहिजेत: कोणाला मोजलं, कोणत्या ठिकाणाच्या तुलनेत, किती मुक्कामानंतर, आणि कोणत्या तारखेला. तळटीप नंतर जोडू म्हणशील तर ती कधीच जोडली जात नाही. फाईल वर जाताना टीप गळते आणि आकडा पुढे जातो.

आता प्रश्नातला शब्द बघ. 'मुंबईतील परप्रांतीयांची संख्या'. हा रकाना जनगणनेत नाही. तिथे दोन वेगळे रकाने आहेत: जन्म राज्याबाहेर, आणि शेवटचं वास्तव्य राज्याबाहेर. बेळगावात, बडोद्यात किंवा इंदुरात जन्मलेला मराठी माणूस पहिल्या रकान्यात येतो. जौनपूरहून आलेल्या आईबापांचा कांदिवलीत जन्मलेला मुलगा दोन्हींत येत नाही. भाषेचा तक्ता वेगळा आहे आणि त्यातून जन्मस्थान काढता येत नाही. उत्तरात 'परप्रांतीय' हा शब्द प्रश्नकर्त्याचा म्हणून अवतरणात ठेव, आणि खाली तू नेमकं काय मोजलंस ते लिही. कोणी तो शब्द सरळ वापर म्हणालं तर लेखी सांगा म्हणावं.

मुंबईच्या तक्त्यांत चुका कुठे शिरतात, ते नीट बघ. पहिली चूक 'गाव' या शब्दात आहे. लालबागच्या चाळीत प्रगणकाने विचारलं, 'गाव कुठलं?' की केईएममध्ये जन्मलेला, जन्मभर गिरणगावात राहिलेला माणूस 'मालवण' असंच सांगणार. ते त्याचं गाव आहेच, घर आहे, गणपतीला तो जातो. पण त्याचा जन्म परळला झाला आणि तो कधी मालवणला राहिलेला नाही. प्रगणकाने मालवण लिहिलं की सिंधुदुर्गातून आलेला एक स्थलांतरित वाढला. छापील प्रश्न बरोबर असतो, 'जन्म कुठे झाला' आणि 'याआधी कुठे राहत होता'. दारात उभं राहिल्यावर तोंडातून 'गाव' येतं. सुट्या नोंदी, म्हणजे एकेका माणसाची माहिती, हातात आल्या की हे पकडता येतं. शेवटचं वास्तव्य बाहेरचं, आणि इथल्या मुक्कामाची वर्षं वयाइतकीच: अशा नोंदी वेगळ्या काढ. जन्मल्याबरोबर आणलेली बाळं त्यात थोडी असतील. पन्नाशीच्या माणसांचा ढीग दिसला तर ते 'गाव' आहे. १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस धरून जनगणना व्हायची आहे. प्रशिक्षणाच्या टिपणात हे एक वाक्य घालून घे, त्यासाठी भांडावं लागलं तरी चालेल.

दुसरी चूक माहेरच्या बाळंतपणातून येते. मुलगी डोंबिवलीची सून, बाळंतपणाला साताऱ्याला गेली, तीन महिन्यांनी बाळ घेऊन परतली. जन्मस्थानाच्या तक्त्यात ते बाळ दुसऱ्या जिल्ह्यातून आलेलं स्थलांतरित. म्हणूनच २००१ पासून कारणांच्या यादीत 'जन्मानंतर लगेच' हे कारण आलं. लहान मुलांचं स्थलांतर वाढल्याचं दिसलं तर आधी वयाची ० ते ४ ची ओळ वेगळी काढून बघ. लग्नाचंही तसंच. देशातल्या स्थलांतरितांत साधारण दोनतृतीयांश बायका आहेत आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण लग्न आहे. रोजगारासाठी शहराकडे येणाऱ्यांबद्दल लिहायचं असेल, तर एकूण आकडा वापरणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल.

तिसरी गोष्ट जिल्ह्यांच्या हद्दींची. मुंबई उपनगर जिल्हा १९९० मध्ये वेगळा झाला. माहीमचं बिऱ्हाड मिठीपलीकडे वांद्र्याला गेलं की ते आंतरजिल्हा स्थलांतर. बोरिवलीहून कुर्ल्याला गेलेलं बिऱ्हाड मात्र जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघालं. वसईहून ठाण्याला गेलेला माणूस २०११ मध्ये जिल्ह्यांतर्गत होता. पुढच्या जनगणनेत तोच प्रवास आंतरजिल्हा ठरेल. तुलना करायची तर पालघर परत ठाण्यात मिळवून जुन्या हद्दीवर आकडे काढायचे आणि तसं लिहायचं.

हंगामी माणसांवर सगळ्यांत जास्त अन्याय होतो. बीडचा कोयता, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडी, दसरा-दिवाळीला निघतो आणि मार्च-एप्रिलला परततो. २००७-०८ च्या पाहणीत अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे वर्षात कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी बाहेर राहिलेला. पाच महिने वीस दिवस गेला तर मोजला; हंगाम लांबला आणि सहा महिने उलटले तर त्या रकान्यातून गळाला. १९९९-२००० च्या फेरीत खालची मर्यादा ६० दिवसांची होती. म्हणजे पंचेचाळीस दिवस नाक्यावर काम करून गेलेला मजूर एका फेरीत नाही आणि दुसऱ्या फेरीत आहे. या दोन फेऱ्यांची वजाबाकी करून 'वाढ' लिहिलेली टिपणी तुझ्याकडे आली तर परत पाठव. जनगणना फेब्रुवारीत होते, तेव्हा तोडणी ऐन भरात असते. मोजणीचे सगळे दिवस जो घराबाहेर असतो, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं असतं. म्हणजे प्रगणक फडावरच्या कोपीपर्यंत, त्या मजुराच्या झोपडीपर्यंत, पोचला तरच तो माणूस गणतीत. भिवंडी-वाड्याच्या वीटभट्ट्यांवरच्या कातकऱ्यांचंही तेच.

आता तुझ्या संगणकातलं काम. पीएलएफएसच्या सुट्या नोंदींत मल्टिप्लायर, म्हणजे नमुन्यातला एक माणूस किती माणसांच्या वतीने धरायचा ते वजन, दोन दशांश स्थळं न दाखवता दिलेला असतो. १०० ने भागायचं राहिलं तर लोकसंख्या शंभरपट होते, ते लगेच दिसतं. दोन उपनमुने एकत्र करताना जिथे २०० ने भागायचं तिथे १०० ने भागलंस तर मात्र आकडा दुप्पट होतो आणि बघणाऱ्याला खराही वाटतो. म्हणून पहिला तक्ता नेहमी छापील अहवालातल्या एखाद्या तक्त्याशी ताडून बघ. तो जुळेपर्यंत पुढे जाऊ नकोस. सर्वेक्षणातून माणसांची संख्या थेट उचलू नकोस, कारण त्यातली एकूण लोकसंख्या प्रक्षेपित (जनगणनेवरून पुढच्या वर्षांसाठी अंदाजलेल्या) लोकसंख्येपेक्षा कमी निघते. प्रमाण घे, प्रक्षेपित लोकसंख्येने गुण, आणि तसं केल्याचं लिही. आणि प्रत्येक खान्याखाली नमुन्यातली माणसं किती, ते छाप. समजा 'शिक्षणासाठी आलेल्या मुली, उपनगर' या खान्यात नमुन्यात ११ जणी आहेत आणि प्रत्येकीचं वजन चार हजार. तक्त्यात ४४ हजार उमटतील आणि त्याची बातमी होईल. त्या ११ जणी आहेत. ३० च्या खाली मी खाना रिकामा ठेवते. लोक याला अडवणूक म्हणतात. म्हणू देत. ज्यांच्यावर त्या आकड्याने वसतिगृह मंजूर किंवा नामंजूर होणार, त्या मुली माझ्या टेबलासमोर येऊन तक्रार करू शकत नाहीत. त्यांच्या बाजूने कोणीतरी अडून बसायला हवं.

निर्वासितांबद्दल तुझी टिपणी फारच घाईत लिहिलेली आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही, आणि आजच्या जनगणनेत तसा रकाना नाही. एकदा होता. १९५१ च्या जनगणनेत विस्थापितांची वेगळी नोंद झाली आणि व्याख्येत तारखा होत्या: पश्चिम पाकिस्तानातून १ मार्च १९४७ किंवा त्यानंतर, पूर्वेकडून १५ ऑक्टोबर १९४६ किंवा त्यानंतर घर सोडावं लागलेला माणूस. सुमारे ७३ लाख नोंदले गेले. व्याख्या कशी लिहावी ते त्या तारखांकडे बघून शीक. आता उल्हासनगरची, कराचीत जन्मलेली सिंधी आजी घे. ती कल्याणच्या छावणीत आली, तिथेच तिची नातवंडं झाली. जन्मदेशाच्या तक्त्यात ती आजही 'पाकिस्तानात जन्म' अशीच आहे, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबात आंतरराष्ट्रीय स्थलांतरित. 'मुंबई परिसरातील पाकिस्तानात जन्मलेले' हा आकडा टीप न लावता गेला, तर त्या आजीबद्दल लोक काय वाचतील याचा विचार कर. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत अशा लोकांसाठी 'निर्वासित पार्श्वभूमीचे' हा वेगळा गट केलेला आहे, तो वापर. निर्वासितांच्या नोंदवहीतला आकडा आणि हजर माणसं एक धरू नकोस: वारलेल्यांची, निघून गेलेल्यांची नावं वहीत राहतात. आश्रयासाठीचे अर्ज आणि माणसंही एक नव्हेत. एका अर्जात कुटुंब असतं, आणि नाकारलेला माणूस पुन्हा अर्ज करतो.

आकडा सुधारायला लाजू नकोस. ब्रिटनने जून २०२३ ला संपलेल्या वर्षाचं निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले) आधी ६ लाख ७२ हजार सांगितलं, वर्षभराने ९ लाख ६ हजार केलं, आणि बदल का झाला तेही छापलं. आपल्याकडे जुना आकडा गुपचूप बदलतात. तू तसं करू नकोस.

आमच्या पिढीचं जे चुकलं, ते तुला सांगायलाच हवं. स्थलांतराचं कारण १९८१ पासून विचारलं जाऊ लागलं. १९९१ च्या यादीत नैसर्गिक आपत्ती हे कारण होतं. २००१ ला ते गेलं आणि आम्ही ते जाऊ दिलं. आता मराठवाड्यात पाऊस दगा देतो, विहीर आटते, जनावरं विकली जातात, आणि मुंब्र्याला पोचलेला माणूस आमच्या तक्त्यात 'काम' या रकान्यात बसतो. दुष्काळ कुठेच दिसत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हेच झालं. श्रमिक गाड्यांतून ६३ लाख प्रवासी गेले, राज्यांत परतलेले कामगार १ कोटी ४ लाख असं सांगितलं गेलं, आणि वाटेत किती जण मेले याची माहिती ठेवलेली नाही, असं संसदेत उत्तर आलं. ६३ लाख हे प्रवास आहेत आणि १ कोटी ४ लाख ही राज्यांनी कळवलेली माणसं. त्यांची वजाबाकी करून पायी गेलेले किती ते निघत नाही. ते कोणी मोजलेच नाहीत. संकट आल्यावर रकाना तयार करता येत नाही, तो आधी असावा लागतो. म्हणून मी रकान्यांसाठी भांडत राहते, आणि तूही भांडावंस असं मला मनापासून वाटतं.

परवाच्या उत्तरात एवढंच लिही: "२०११ च्या जनगणनेनुसार, मागील वास्तव्याच्या ठिकाणाच्या आधारे, मुक्कामाच्या कालावधीची अट न ठेवता, १ मार्च २०११ रोजीची स्थिती सोबतच्या तक्त्यात आहे. त्यानंतरच्या सर्वेक्षणांची व्याख्या भिन्न असल्याने वाढ अथवा घट सांगता येत नाही." 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं लिहू नकोस, कारण कोणीही ती संकलित करत नाही. टीप तक्त्याच्या चौकटीच्या आत, शेवटची ओळ म्हणून टंकव, म्हणजे कापायची तर तक्ताच कापावा लागेल.

आणि ठाण्याची जुनी हद्द आजच बांधून ठेव. मिळवायचे तालुके आठ: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा.