कळ उठली ती वेळ लिहून ठेवा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत : तरुण मुलीच्या पोटात उठलेले दुखणे, आणि त्याचे खरे कारण कळेपर्यंत गेलेला वेळ. ओटीपोटात दुखू लागले की आपल्या घरांत पाळी, पित्त, अपेंडिक्स आणि मुतखडा या चार नावांपलीकडे सहसा विचार जात नाही, आणि बहुतेक वेळा त्या चारांपैकीच काहीतरी निघते. त्यामुळे क्वचित होणारे पाचवे कारण समोर आले तरी ओळखले जात नाही. लिहिणाऱ्यांची नावे गाळून, पत्रे थोडी आटोपती करून, तिन्ही प्रश्न एकत्र घेत आहे.

प्रश्न : माझी मुलगी 15 वर्षांची असून दहावीत आहे. शुक्रवारी क्लासहून परतली ती पोट धरूनच. उजव्या बाजूला खाली एकदम कळ आली आणि लागोपाठ दोन उलट्या झाल्या. तासाभरात दुखणे थांबल्यामुळे जवळच्या दवाखान्यात पित्ताचे इंजेक्शन देऊन आम्हाला घरी पाठवले. शनिवारी संध्याकाळी तीच कळ दुप्पट जोराने आली. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीतून रुग्णालयात पोहोचायला सव्वा तास लागला. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर 6 सेंटिमीटरची गाठ दिसली, पण रक्तप्रवाह चालू असल्याचे रिपोर्टमध्ये लिहिले होते. तरीही डॉक्टरांनी पीळ बसल्याचा संशय सांगून त्याच रात्री दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. अंडाशय काळेनिळे पडले होते, तरी ते काढले नाही. पीळ सोडवून गाठ तेवढी काढली. गाठ डरमॉइडची होती आणि तिच्यात केस निघाले. आता घरातली वडीलधारी मंडळी विचारतात की मेलेला अवयव पोटात ठेवलाच कसा, आणि रक्तप्रवाह होता तर पीळ बसला कसा? (एक आई, कासारवडवली)

उत्तर : ताई, तुमच्या मुलीचे अंडाशय ठेवण्याचा निर्णय योग्य होता, आणि रिपोर्ट हातात असूनही मुलीच्या दुखण्यावर अधिक विश्वास ठेवणाऱ्या त्या डॉक्टरांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

अंडाशय हे साधारण सालीसकट बदामाएवढे असते आणि दोन बाजूंनी बंधांना टांगलेले असते. त्यावर गाठ वाढली की ते जड होते आणि झोळण्याला पीळ बसावा तसे आपल्याच बंधाभोवती फिरते. गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर हा धोका वाढतो, मात्र वाढत्या वयाच्या मुलींत, अगदी पाळी सुरू होण्याआधीही, गाठ नसलेल्या अंडाशयाला पीळ बसू शकतो, कारण त्यांचे बंध लांब आणि सैल असतात. उजव्या बाजूला हे जास्त घडते. डावीकडे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाने जागा अडवलेली असते, उजवीकडे अंडाशयाला फिरायला मोकळीक मिळते. त्यामुळेच हे दुखणे अपेंडिक्ससारखे भासते. फरक असा की अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकते, तर पिळाची कळ एका क्षणात उठते आणि तिच्यासोबत बहुधा उलटी असते.

आता रक्तप्रवाहाविषयी. अंडाशयाला रक्त दोन वाटांनी मिळते : एक थेट पोटातील महाधमनीकडून आणि दुसरी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीकडून. पीळ बसला की आधी पातळ भिंतींच्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त परत जाणे थांबते. धमन्यांची भिंत जाड असल्यामुळे आत येणारे रक्त काही काळ चालूच राहते. येणे चालू आणि जाणे बंद, म्हणून अंडाशय सुजून टम्म होते. शिवाय पीळ कधी अर्धवट बसतो, कधी आपोआप सुटतो आणि पुन्हा बसतो. शुक्रवारी तासाभराने तुमच्या मुलीला बरे वाटले ते बहुधा याच कारणाने. अशा वेळी कलर डॉप्लरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, प्रवाह दिसू शकतो. प्रवाह दिसत नाही हा पिळाच्या बाजूने मोठा पुरावा असतो. प्रवाह दिसतो एवढ्यावर मात्र पीळ नाही असे म्हणता येत नाही. खात्री पटते ती दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिल्यावरच.

आणि काळेनिळे म्हणजे मेलेले नव्हे. मी शिकत होते त्या काळात असे अंडाशय सर्रास काढून टाकले जाई, कारण पीळ सोडवला तर आत साकळलेली रक्ताची गुठळी फुप्फुसापर्यंत जाईल अशी भीती होती. ही भीती अनुभवाने खरी ठरलेली नाही. पीळ सोडवल्यावर आम्ही काही मिनिटे थांबून पाहतो. जांभळ्या रंगातून कधी हळूहळू गुलाबी छटा वर येते, कधी रंग तसाच राहतो. रंग परतला नाही तरी बहुसंख्य मुलींच्या अंडाशयात पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा बीजे वाढताना सोनोग्राफीवर दिसतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2019 साली किशोरवयीन मुलींसाठी हेच सांगितले की पीळ सोडवावा आणि अंडाशय वाचवावे. तुमच्या मुलीची सोनोग्राफी सहा ते आठ आठवड्यांनी करून घ्या. डरमॉइड दहातल्या एखादीला दोन्ही बाजूंना असतो, म्हणून दुसऱ्या अंडाशयाकडेही लक्ष ठेवायला सांगा. त्यात केस निघाले याची धास्ती घरात कोणीच घेऊ नये. बीजपेशींमध्ये शरीराचा कोणताही भाग घडवण्याची क्षमता असते आणि त्यांच्यापासून वाढलेल्या या गाठीत त्वचा, केस, कधी दातही सापडतात. या वयात ती जवळजवळ नेहमीच साधी असते. करणी-बाधेचा विषय कोणी काढला तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

एक गोष्ट मात्र सर्व आयांना सांगायची आहे. सतरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आली. लग्न व्हायचे आहे, पोटावर टाके नकोत, म्हणून घरच्यांनी दोन दिवस गरम पाण्याच्या पिशवीवर काढले होते. आत सडलेल्या चिंध्यांखेरीज काही उरले नव्हते आणि ते अंडाशय मला काढावे लागले. तिच्या आईने बाहेर बाकावर बसून विचारले, ‘कालच आलो असतो तर?’ त्या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले, आणि ते देणे मला आजही जड जाते. म्हणून कळ उठली ती वेळ कागदावर लिहून ठेवा, पहिली उलटी कधी झाली आणि मागची पाळी कोणत्या तारखेला आली तेही लिहा. मुलीला खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. वाहन मिळत नसेल तर 108 ला फोन करा. डॉक्टरांनी आधी दुखणे कमी करणारे इंजेक्शन दिले तर अडवू नका. त्याने निदान झाकले जाते ही जुनी समजूत आहे. आणि आपल्या घराजवळ रात्री सोनोग्राफी, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ हे तिन्ही कोणत्या रुग्णालयात मिळतात, याची चौकशी एखाद्या निवांत दिवशीच करून ठेवा.

प्रश्न : माझी भाची 13 वर्षांची आहे. अजून पाळी आलेली नाही. गेले पाच महिने दर महिन्याला दोन-तीन दिवस तिचे ओटीपोट दुखते. जंत झाले म्हणून औषध दिले. परवा तिची लघवीच तुंबली आणि नळी घालून काढावी लागली. डॉक्टर म्हणतात, योनीपटलाला (योनीच्या तोंडावरच्या पातळ पडद्याला) छिद्र नाही, छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल. तिच्या आईला भीती वाटते की पुढे लग्नात प्रश्न निघतील. (मावशी, ऐरोली)

उत्तर : भाचीला पाळी आलेली आहे, रक्ताला बाहेर यायला वाट नाही एवढेच. दर महिन्याचा स्राव योनीमार्गात साठत गेला, तो मार्ग फुग्यासारखा ताणला गेला आणि पुढे असलेल्या मूत्रमार्गावर त्याचा दाब पडला. ‘दर महिन्याला’ हे दोन शब्द तुम्ही पत्रात लिहिलेत आणि निदान त्यांतच होते. जंतांचे दुखणे कॅलेंडर पाहून येत नाही. साधारण हजार ते दोन हजार मुलींमागे एकीत हा जन्मजात दोष असतो. तपासताना नुसते पाहिले तरी निळसर फुगीर पडदा दिसतो. आतून तपासण्याची गरज नसते.

शस्त्रक्रिया भूल देऊन होते आणि लहान असते. साठलेले रक्त सुईने काढून वेळ निभावण्याचा मार्ग कोणी सुचवला तर नकार द्या, कारण त्यातून जंतुसंसर्ग आत शिरतो आणि पडदा पुन्हा बंद होतो. उशीर केला तर तुंबलेले रक्त उलट दिशेने बीजवाहिन्यांत आणि पोटात जाते, आणि पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. वेळेवर वाट मोकळी केली तर पाळी, संसार, मातृत्व सगळे इतर मुलींसारखेच असते.

लग्नाच्या भीतीबद्दल स्पष्टच लिहिते. योनीपटलावरून कौमार्य ठरत नाही. अशा तपासणीला वैज्ञानिक आधार नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली सांगितले आहे. ज्या मुलीची लघवी अडली आहे तिच्यापुढे हा विचार यायलाच नको होता. बहिणीला माझा निरोप सांगा की शस्त्रक्रियेचे कागद फाईलमध्ये नीट जपावेत, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

याच्याच जवळचा, याहून फसवा एक प्रकार आहे. काही मुलींत गर्भाशय आणि योनीमार्ग दोन-दोन असतात आणि त्यांतला एक मार्ग बंद असतो. उघड्या बाजूने पाळी नियमित येते, त्यामुळे अडथळ्याचा संशयच येत नाही; बंद बाजूला मात्र रक्त साठत राहते आणि पाळीगणिक दुखणे वाढते. अशा मुलींना बहुधा त्याच बाजूचे मूत्रपिंड जन्मतः नसते. म्हणून लहानपणी कधी सोनोग्राफीत ‘एकच किडनी’ असे आले असेल, तर तो कागद पाळी सुरू झाल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा.

प्रश्न : मी 24 वर्षांची असून खारघरला मैत्रिणींसोबत राहते, नोकरी करते. आठवडाभर उजव्या बरगडीखाली दुखते आहे, श्वास खोल घेतला की टोचते. पित्ताशयाची सोनोग्राफी आणि लिव्हरच्या तपासण्या चांगल्या आल्या. खाली पांढरे जाते आणि थोडे दुखते, पण ते मी सांगितले नाही. अविवाहित असल्याने गरोदरपणाची चाचणी करायला सांगितली तेव्हा अपमान वाटला आणि मी निघून आले. (नाव नको)

उत्तर : तुम्ही न सांगितलेली गोष्टच बहुधा उत्तर आहे. गर्भाशय आणि बीजवाहिन्यांतला जंतुसंसर्ग कधी वर चढून यकृताच्या आवरणाला सूज आणतो. कर्टिस यांनी 1930 साली आणि फिट्झ-ह्यू यांनी 1934 साली याचे वर्णन केले, आणि त्या दोघांच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. सूज वरच्या आवरणाला असते, म्हणून यकृताच्या तपासण्या चांगल्या येतात आणि पित्ताशय निर्दोष दिसते. आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. साध्या संसर्गावर साधारण 14 दिवसांची प्रतिजैविके पुरतात, पण जोडीदार असल्यास त्यानेही उपचार घेतले पाहिजेत. पांढऱ्या स्रावाची गोष्ट डॉक्टरांना एकांतात सांगा. ती घरी कळवण्याचा अधिकार त्यांना नाही.

चाचणीविषयी एवढेच, की पोटात दुखणाऱ्या आणि पाळी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची ती मी करते, कारण बीजवाहिनीत राहिलेला गर्भ फुटला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. मैत्रिणीला सोबत घेऊन उद्याच पुन्हा जा. मधल्या वेळेत चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा खांद्यात दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.