वाचकांचे प्रश्न : उकडीच्या मोदकाची पारी का फाटते?

गणेश चतुर्थी जवळ आली की या सदराकडे उकडीच्या मोदकांविषयी पत्रे येऊ लागतात, आणि त्यांतली बरीचशी मराठवाड्यातून आलेली असतात. ज्या भागात रोजचे अन्न ज्वारीचे आणि सणाचे पक्वान्न पुरणाचे, तेथे तांदळाच्या पिठीशी हातांची ओळख कमी असते. म्हणून या अंकात तीनच पत्रे घेतली असून पहिल्याचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न : गेली तीन वर्षे मी चतुर्थीला उकडीचे मोदक करते. किराणा दुकानातून चांगला जुना कोलम आणते, धुऊन वाळवते आणि गिरणीतून बारीक दळून आणते. पिठीइतकेच पाणी घेऊन उकड काढते. तरीही पारी करताना कडा फाटतात आणि वाफवल्यावर निम्मे मोदक उकलतात. माझ्या हाताला भाकरी उत्तम येते, मोदक मात्र येत नाही. कोठे चुकते?
– एक वाचक, परभणी

उत्तर : आपल्या पत्रातले भाकरीविषयीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. ज्वारीचे पीठ जुने होऊन त्याची विरी गेली की भाकरी थापताना कडेने चिरत जाते, आणि अशा वेळी आधणाचे पाणी ओतून पीठ मळावे लागते, हे आपल्याला सांगायला नको. गव्हाच्या पिठाला पाणी लागून ते मळले गेले की त्यातील प्रथिनांमुळे कणकेला ताण येतो. ज्वारीला आणि तांदळाला तो गुण नाही. या दोन्ही पिठांना धरून ठेवतो तो त्यांच्यातला स्टार्च, आणि तो कढत पाण्यात फुगून शिजल्याशिवाय चिकट होत नाही. भाकरीचे पीठ थोडेसे शिजले तरी निभावते, कारण भाकरी थापून लगेच तव्यावर जाते. मोदकाची पारी मात्र पातळ करून तिला कळ्या पाडायच्या असतात, त्यामुळे तिची पिठी आधीच पुरती शिजलेली असावी लागते. पारी फाटते ती बहुतेक वेळा उकड अर्धकच्ची राहिल्यामुळे, आणि त्याचा दोष आपण आजवर स्वतःच्या बोटांना देत आला आहात.

दुसरी अडचण तांदळाची आहे. जुन्या कोलमाचा भात मोकळा होतो म्हणून आपण तो आवडीने घेतो. पण जो गुण भाताला हवा, तोच मोदकाला नको असतो. मोदकाची पिठी चिकट होणाऱ्या तांदळाची असावी. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी मिळाला तर तोच घ्यावा, आणि पुरेसा मिळाला नाही तर तीन वाट्या कोलमात एक वाटी इंद्रायणी मिसळून दळावा. काही जण चिकटपणासाठी मैदा घालतात; तो मला पटत नाही, कारण त्याने पारी वळायला सोपी झाली तरी गार होताच वातड होते आणि तांदळाचा सुवास हरवतो.

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुऊन, निथळून, सुती कापडावर घरातच सावलीत पसरावा. भाद्रपदातल्या दमट हवेत तो पुरता वाळायला एखादा दिवस जास्तही लागतो, आणि ओलसर दळला तर पिठी लवकर आंबूस होते, म्हणून हे काम चतुर्थीच्या निदान चार दिवस आधी सुरू करावे. गिरणीत मात्र तो तांदळावरच दळून घेण्याचा आग्रह धरावा. आपल्याकडच्या गिरण्यांवर दिवसभर ज्वारी आणि गहू दळले जातात. ज्वारीवर तांदूळ दळला की आधीचे पीठ त्यात उतरते, पिठीचा रंग मळतो आणि पारी रवाळ होते. गिरणीवाल्याला आदल्या दिवशी विचारले तर तो तांदळाची वेळ सांगतो. घरी आल्यावर पिठी मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यावी.

आता पाण्याविषयी. वाटीला वाटी पाणी हे प्रमाण नव्या, चिकट तांदळाला लागू पडते. जुन्या कोलमाची पिठी पाणी अधिक पिते, म्हणून तिला सव्वा वाटी पाणी घ्यावे. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप घालून पाणी खळखळून उकळू द्यावे. नुसते बुडबुडे दिसू लागताच पिठी घालण्याची घाई करू नये. पिठी एकदम घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळावी, घट्ट झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे वाफ आणावी, आणि गॅस बंद केल्यावरही दहा मिनिटे झाकण उघडू नये. ही दहा मिनिटे घाईत वगळली जातात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे फाटलेल्या पारीचे सर्वांत मोठे कारण तेच असते. त्यानंतर उकड परातीत काढून, हाताला सोसत नसेल तर तांब्याच्या बुडाने रगडून, ती गरम असतानाच मळायला घ्यावी. पाण्याचा आणि तेलाचा हात आलटून पालटून लावत पाच-सात मिनिटे मळली की ती लोण्यासारखी मऊ लागते. सुपारीएवढी गोळी घेऊन दोन बोटांत चपटी करून पाहावी. कड गुळगुळीत राहिली तर उकड साधली. कड चिरली तर कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे, आणि तरीही चिरत राहिली तर सगळी उकड ओल्या फडक्यात बांधून पाच मिनिटे वाफवून घ्यावी. ती फुकट जात नाही.

मळलेली उकड ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावी आणि एका वेळी एकच गोळी बाहेर काढावी. पारी करताना अंगठे आत आणि बाकीची बोटे बाहेर ठेवून वाटीसारखा आकार द्यावा. कड पातळ आणि तळ किंचित जाड असावा, कारण सारणाचे ओझे तळावरच येते. कळ्या पाडताना बोटांना तूप किंवा पाणी लावावे. कळ्या पहिल्या वर्षी सात पडल्या तरी पुरे आहेत, हात बसला की त्या आपोआप अकरापर्यंत जातात. सारण भरल्यावर मोदक डाव्या तळव्यावर फिरवत उजव्या हाताच्या बोटांनी सर्व कळ्या एकत्र आणाव्यात. ज्यांना हे जमत नाही त्यांनी साचा वापरावा. नैवेद्यात त्याने काही उणे येत नाही.

वाफेत मोदक उकलतात त्यामागे मात्र सारण असते. एकवीस मध्यम मोदकांना दोन-सव्वादोन वाट्या पिठी, तीन वाट्या खवलेले ओले खोबरे आणि दीड वाटी चिरलेला गूळ पुरतो. गूळ वितळून सारण आधी पातळ होते, मग हळूहळू आळत जाते; ते पातेल्याची कड सोडू लागले आणि बोटांत धरल्यास गोळा राहू लागला की लगेच उतरवावे. आधी उतरवले तर मोदकात पाक सुटून पारी फुटते, आणि फार आळवले तर सारण चिवट होते. भाजलेली खसखस चमचाभर घातल्यास जादा ओल शोषली जाते. वेलची आणि जायफळ शेवटी घालावे, आणि सारण पूर्ण गार झाल्यावरच भरावे.

वाफवण्यासाठी चाळणीवर केळीचे पान घालतात, पण आपल्यासारख्या परभणीच्या वाचकाला मी हळदीच्या पानाचा आग्रह करीन. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले वसमत हळदीसाठी प्रसिद्ध आहे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेली हळद भाद्रपदात शेतात हिरवीगार उभी असते. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून आणलेली चार-सहा पाने पुरतात. त्यांचा वास वाफेबरोबर पारीत उतरतो, आणि कोकणातल्या घरांत ज्या सुवासाचे कौतुक होते तो आपल्याच शिवारात मिळतो याचा मला फार आनंद वाटतो. प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून पानावर ठेवावा, दोन मोदकांत बोटभर अंतर सोडावे आणि झाकणाला खालून फडके बांधावे, म्हणजे वाफेचे थेंब मोदकांवर पडत नाहीत. पाणी आधी उकळलेले असावे. दहा ते बारा मिनिटांत पारीला तकाकी येते, आणि ओले बोट लावले असता ते चिकटत नाही. तेवढ्यावर थांबावे, कारण जास्त वेळ वाफ दिली तर नीट मिटलेला मोदकही उकलतो.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चतुर्थीला कणकेचे तळलेले मोदक होतात. मुलीच्या आग्रहामुळे यंदा उकडीचे करण्याचे मनात आहे. पण सासूबाई म्हणतात की ते कोकणातले, आपल्याकडे देवाला चालत नाहीत. त्यांचे मन मोडायचे नाही. काय करावे?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : सासूबाई जपत आहेत तो कुळाचार आहे, म्हणून सर्वप्रथम तळलेले मोदक नेहमीप्रमाणे करावेत, असे मी म्हणेन. कणीक, थोडा रवा आणि मोहन घालून केलेली पारी, आत सुके खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस यांचे पंचखाद्य, हे आपल्या कोरड्या हवेच्या आणि समुद्रापासून लांब असलेल्या मुलखाने विचारपूर्वक घडवलेले पक्वान्न आहे. ओला नारळ जेथे गावोगावी हाताशी नव्हता, तेथे सुके खोबरेच शहाणपणाचे होते, आणि हे मोदक आठवडाभर टिकतातही.

परंतु वाफवलेला नैवेद्य किंवा तांदळाचा मोदक आपल्याला परका आहे, हे खरे नाही, आणि ते त्यांना हळुवारपणे सांगता येईल. नागपंचमीला चिरू नये, तळू नये, तवा ठेवू नये म्हणून मराठवाड्यात घरोघरी पुरणाची दिंडे वाफवली जातात. पातेल्यात पाणी, वर चाळणी, चाळणीवर फडके, हीच मोदकाचीही रीत आहे. इतिहासाचा आधार हवा असेल तर तोही जवळचाच आहे. १२व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात तांदळाच्या पिठाच्या, गोड सारणात वेलची आणि कापूर घातलेल्या मोदकांचे वर्णन येते, आणि ते पावसात पडणाऱ्या गारांसारखे दिसतात म्हणून त्यांना ‘वर्षोपलगोलक’ म्हटले आहे. ती कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, आपल्या उमरग्यापासून फार दूर नाही.

माझी सूचना अशी आहे की नैवेद्याच्या ताटात सासूबाईंच्या हातचे तळलेले मोदक आधी वाढावेत आणि त्यांच्या शेजारी उकडीचे पाच ठेवावेत. दिंडांचा त्यांचा अनुभव मोठा असणार, तेव्हा वाफ किती द्यावी आणि झाकण केव्हा काढावे हे त्यांनाच विचारावे आणि नातीला त्यांच्याशेजारी बसवावे. एकवीस ही संख्या परंपरेने प्रिय आहे. ती तळलेल्यांनी पूर्ण झाली तर उकडीच्या मोदकांची संख्या मोजत बसू नये.

प्रश्न : घरी वडील आणि मी दोघेच असतो. आई उकडीचे मोदक करीत असे. दोन वर्षांपूर्वी ती गेल्यापासून ते बंद आहेत. यंदा मी करणार आहे, पण नोकरीमुळे चतुर्थीच्या सकाळी फार वेळ मिळणार नाही. मोदक आदल्या रात्री करून ठेवता येतील का? विकतची पिठी चालेल का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : सारण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवावे, ओल्या खोबऱ्याचे असल्याने ते बाहेर ठेवू नये. उकड मात्र सकाळीच काढावी. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा कडक होतो, आणि फ्रिजमध्ये तर लवकरच. म्हणून रात्रीची उकड सकाळी वळत नाही आणि रात्रीचे मोदक सकाळी रबरासारखे लागतात. सकाळी वळून ठेवलेले न वाफवलेले मोदक ओल्या फडक्याखाली तासभर चांगले राहतात, तेवढ्या अवधीत पूजेची तयारी होऊ शकते. संध्याकाळी उरलेले खाताना पाच मिनिटे पुन्हा वाफ द्यावी.

विकतची पिठी चालते, फक्त पाकिटावरची तारीख ताजी असावी आणि बारीक दळलेली मोदकाची पिठीच घ्यावी. भाकरीचे तांदळाचे पीठ रवाळ असते. चतुर्थीच्या आधी एका रविवारी अर्धी वाटी पिठी घेऊन एकदा करून पाहावे, आणि त्या दिवशी वडिलांना स्वयंपाकघरात बोलवावे. आपल्या आई उकड किती सैल ठेवत आणि सारणात काय घालत, हे त्यांनी इतकी वर्षे पाहिलेले आहे. ते आठवेल तसे लिहून घ्यावे. एकवीस जमले नाहीत तर पाच करावेत. उरलेल्या उकडीत जिरे, हिरवी मिरची आणि मीठ घालून चपट्या निवगऱ्या थापाव्यात आणि मोदक काढल्यावर त्याच चाळणीत वाफवून घ्याव्यात. त्या कच्च्या तेलाबरोबर गरमच खायच्या असतात.