रोमन खापरांवरून तेव्हाच्या समाजाबद्दल नेमकं काय कळतं?

सम्राटांपेक्षा बाजारहाटाबद्दल जास्त कळतं. रोममधली मोंते तेस्ताच्चो ही सुमारे 35 मीटर उंच टेकडी जवळपास सगळी फुटक्या अँफोरांची, म्हणजे दोन कानांच्या रांजणांची आहे. बहुतेक रांजण दक्षिण स्पेनमधल्या बेटिका प्रांतातून ऑलिव्ह तेल घेऊन आलेले. रिकामा साधारण 30 किलोचा, तेल मावे 70 लिटरच्या आसपास. कानावर कुंभारखान्याचा ठसा. अंगावर शाईने रिकामं वजन, तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, कधी त्या वर्षीच्या कॉन्सलांची, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची नावंही; वर्ष त्यांच्याच नावाने ओळखत. चक्क तारखेसकट पावतीच! रांजणाच्या मातीत मुरलेलं तेल खवट होई, म्हणून तो पुन्हा न वापरता फोडून थर रचत नि चुना टाकत. मात्र असं खापर उत्खननात ब्रशने खसाखसा घासलं, तर शाईचा मजकूर पुसला जातो.