किळस येते, धसका बसतो

प्रश्न असा आहे: ‘मला उलटीचा फोबिया आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, “अगं, उलटी कोणाला आवडते?” न आवडणं आणि फोबिया असणं यांतला फरक दाखवणारा शब्द मराठीत आहे का? किळस म्हटलं तर अपुरं वाटतं, भीती म्हटलं तर लोकांना ते खरं वाटत नाही.’

शब्द आहे. पण आधी क्रियापदांकडे पाहू, कारण मराठीने हा फरक नामांपेक्षा क्रियापदांत जास्त नीट जपून ठेवला आहे.

किळस येते. शिसारी येते, वीट येतो, ओकारीही येते. (किळस येते की येतो? दोन्ही रूपं कानावर पडतात. मी स्त्रीलिंगी वापरते.) राग येतो, झोप येते, तसंच हे. जे येतं ते जातं. किळस यायला समोर काहीतरी लागतं, एखादं दृश्य, वास, आवाज. ते नजरेआड झालं, हात धुतले, खिडकी उघडली, की तासाभरात माणूस पूर्ववत होतो.

भीती मात्र वाटते. ‘वाटणे’ या क्रियापदाला समोर काही असण्याची गरज नाही. उद्याचीही भीती वाटते, कधीच न घडलेल्या गोष्टीचीही वाटते. आणि धसका बसतो. गंज बसतो, खीळ बसते, दातखीळ बसते, त्या जातीचं हे बसणं. बसलेली गोष्ट आपोआप उठून जात नाही. मला विचाराल तर प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. उलटी न आवडणाऱ्याला किळस येते. फोबिया असणाऱ्याला उलटीचा धसका बसलेला असतो.

‘धसका घेणे’ असंही आपण म्हणतो, पण या संदर्भात मी ते टाळीन. ‘तिने धसका घेतला’ यात घेणारी ती झाली, जणू तिने ठरवून हात पुढे केला. ‘तिला धसका बसला’ म्हटलं की दोष तिच्याकडे जात नाही. एवढ्याशा क्रियापदाने ऐकणाऱ्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

व्यवहारात हा फरक कसा दिसतो? किळस येणारा माणूस कोणाला उलटी झाली तर नाक दाबतो, तोंड फिरवतो, जमलं तर मदतही करतो. स्वतःला मळमळू लागलं तर ‘एकदाची होऊन जाऊ दे, मोकळं वाटेल’ असं म्हणतो. हे वाक्य फोबिया असलेल्या माणसाच्या तोंडून तुम्हाला ऐकू येणार नाही. त्याच्यासाठी ‘एकदाची होऊन जाणं’ हेच संकट असतं. तो प्रवास टाळतो, आजारी माणसाची खोली टाळतो, पाकिटावरची तारीख चार वेळा तपासून शेवटी पदार्थ टाकूनच देतो. खाणं इतकं कमी करतो की वजन उतरतं आणि घरच्यांना वाटतं, याला बारीक व्हायचंय. काही स्त्रिया गरोदरपणातल्या उलट्यांच्या धास्तीने मूल होऊ देण्याचा निर्णय पुढे ढकलत राहतात. बहुतेकांची मुख्य भीती दुसऱ्याची उलटी पाहण्याची नसते, ती स्वतःला होण्याची असते. विशेष म्हणजे यांतल्या अनेकांना वर्षानुवर्षं एकदाही उलटी झालेली नसते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत फोबियाच्या ज्या कसोट्या आहेत, त्याही हेच सांगतात. भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार मोठी असावी, ती गोष्ट समोर आली की जवळजवळ दर वेळी लगेच उसळावी, माणूस ती गोष्ट टाळत असावा किंवा कमालीच्या त्रासाने सोसत असावा, हे साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चाललेलं असावं, आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा येत असावा. नावडीला यातली एकही कसोटी लागू पडत नाही. तेव्हा ‘उलटी कोणाला आवडते?’ या प्रश्नाचं उत्तर ‘कोणालाच नाही’ असंच आहे, फक्त तो प्रश्न आवडीनिवडीचा आहे आणि बोलणं चाललंय धसक्याबद्दल.

किळस आणि भय या दोन वेगळ्या भावना आहेत ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा आहे आणि भयानक रसाचा स्थायीभाव भय. नटाने दोन्ही कसे दाखवायचे तेही वेगवेगळं सांगितलं आहे. जुगुप्सेत अंग आखडून घ्यायचं, तोंड वाकडं करायचं, थुंकायचं. भयात हातपाय कापतात, चेहऱ्याचा रंग उडतो, आवाज बदलतो. उलटीचा धसका बसलेल्या व्यक्तीला मळमळू लागल्यावर एकदा नीट बघा. ती तोंड वाकडं करत नाही. ती पांढरीफटक पडते, कापते, आवाज फुटत नाही. हा भयानक रस आहे, बीभत्स नव्हे.

‘जुगुप्सा’ या शब्दावर जरा थांबायला हवं, कारण तो मला फार आवडतो. तो ‘गुप्’ म्हणजे राखणे, रक्षण करणे या धातूपासून आला आहे. ‘पिपासा’, ‘जिज्ञासा’ यांच्यासारखीच त्याची घडण इच्छादर्शक आहे. म्हणजे मुळाशी ‘स्वतःला जपण्याची इच्छा’, आणि त्यातून पुढे ‘ज्याच्यापासून जपायचं त्याबद्दलची किळस’. किळस ही शरीराची राखणदार आहे, हे या एका शब्दाच्या पोटात आहे. राखणदार असणं चांगलंच. धसका बसतो तेव्हा मात्र तो राखणदार मालकालाच घराबाहेर पडू देत नाही.

आता ‘फोबिया’. ग्रीक ‘फोबोस’ म्हणजे भय, पण होमरच्या काव्यात या शब्दाचा अर्थ आहे घाबरून पळ काढणं, रणांगणावरची पळापळ. हा जुना अर्थ मला आजच्या अर्थाइतकाच उपयोगी वाटतो, कारण फोबियाचा गाभा पळण्यात आहे, टाळण्यात आहे. पुढे इंग्रजीत या शब्दाचे पाय बरेच पसरले. ‘झेनोफोबिया’, ‘होमोफोबिया’ यांत तो द्वेषाकडे झुकतो, म्हणून मराठीत आपण त्यांना परकीयद्वेष, समलैंगिकद्वेष म्हणतो आणि ते योग्यच आहे. रसायनशास्त्रात पाणी झटकून टाकणाऱ्या पृष्ठभागालाही ‘हायड्रोफोबिक’ म्हणतात, तिथे तर भीतीही नाही आणि द्वेषही नाही. एकाच शब्दात भय, द्वेष आणि नुसतं दूर सारणं एकत्र आलं की ‘मला गणिताचा फोबिया आहे’, ‘मला सकाळी उठायचा फोबिया आहे’ अशी वाक्यं सहज सुटतात. ‘ॲलर्जी’चंही आपण हेच केलं. मग ज्याला खरोखर फोबिया आहे त्याने तोच शब्द उच्चारला की ऐकणारा त्याचा हलका अर्थ घेतो. प्रश्न विचारणाऱ्या ताईंची अडचण माझ्या मते इथून सुरू होते.

या फोबियाचं शास्त्रीय नाव ‘इमेटोफोबिया’. त्यातला ‘इमेटो’ आपल्याला परका वाटतो, पण तो आपला नातेवाईक आहे. ग्रीक ‘एमेइन’ म्हणजे ओकणे, लॅटिन ‘व्होमेरे’, आणि संस्कृत ‘वम्’, ज्यापासून वमन आणि वांती आले, हे तिन्ही एकाच मुळाचे. ग्रीकमध्ये सुरुवातीचा ‘व’ कालौघात गळून पडला, एवढंच. म्हणजे ‘इमेटो’ आणि ‘वमन’ ही भावंडं आहेत.

मग सरळ ‘वमनभय’ म्हणावं का? मी म्हणणार नाही. आयुर्वेदात वमन हा पंचकर्मांपैकी एक उपचार आहे. ते वैद्याच्या देखरेखीखाली मुद्दाम करवलं जातं. आपोआप होणाऱ्या उलटीच्या व्याधीला तिथे ‘छर्दी’ असा वेगळा शब्द आहे. चरकाने छर्दीचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला पाचवा आहे ‘द्विष्टार्थसंयोगज’, म्हणजे नकोशा, तिटकारा असलेल्या गोष्टीशी संबंध आल्याने होणारी. किळसेमुळे उलटी होते, हे त्यात नोंदलेलं आहे. फोबियात ही साखळी उलटी फिरते: उलटी हीच द्विष्ट गोष्ट होऊन बसते.

‘त्रास’ जोडून शब्द करावा, तर तिथे वेगळीच पंचाईत. संस्कृतात ‘त्रास’ म्हणजे भीती. पिसाळलेल्या प्राण्याच्या विषाने रोगी पाण्याला भिऊ लागतो, त्याला सुश्रुताने ‘जलत्रास’ म्हटलं आहे. ‘हायड्रोफोबिया’चा इतका नेमका जोडीदार शोधून सापडणार नाही. पण मराठीत त्रासाचा अर्थ पीडा, उपद्रव असा झाला. आज ‘तिला उलटीचा त्रास आहे’ म्हटलं तर डॉक्टर उलटी थांबवायची गोळी लिहून देतील.

राहिला ‘भयगंड’. हा रूढ आहे आणि लेखी मजकुरात मी तोच वापरते. ‘उलटीचा भयगंड’ असं लिहिलं तर कोणालाही कळेल. माझी एक छोटी तक्रार आहे. ‘गंड’ म्हटलं की न्यूनगंड, अहंगंड आठवतात आणि ऐकणाऱ्याला हा स्वभावातला दोष वाटू शकतो. म्हणून कागदावर भयगंड आणि बोलताना धसका, अशी माझी वाटणी आहे.

आणखी एक गोष्ट मराठीने फार नेमकी टिपली आहे. आपण ‘मी उलटी केली’ असं क्वचितच म्हणतो, ‘मला उलटी झाली’ असं म्हणतो. मी कर्ता नसतो, माझ्यावर ते घडतं. फोबिया असलेल्या अनेक जणांना नेमकं हेच असह्य होतं, की आपल्या शरीरात काहीतरी ‘होईल’ आणि आपला त्यावर ताबा नसेल. त्यांना घाण वाटते का? वाटत असेलही. पण विचारून बघा, बहुतेक जण ताबा सुटण्याबद्दल बोलतील.

आणि यात एक दुष्टचक्र आहे, तेही आपल्या वाक्प्रचारांत दिसतं. भीती वाटली की पोटात गोळा येतो, पोटात खड्डा पडतो, पोटात धस्स होतं. मळमळलं की पोटात ढवळतं. मराठीने भीती आणि मळमळ दोन्ही एकाच पोटात ठेवल्या आहेत, आणि शरीरातही तसंच आहे: भीतीने पचनसंस्था खरोखर ढवळून निघते. उलटीच्या भीतीने पोटात गोळा येतो, त्या गोळ्याने मळमळतं, मळमळलं की ‘आता होणार’ म्हणून भीती आणखी वाढते. उमासे, कोरड्या ओकाऱ्या, कसंनुसं होणं, जीव घाबरा होणं, या प्रत्येक पायरीवर ही माणसं कान लावून असतात. बाकीच्यांच्या लक्षातही न येणारी पोटातली हालचाल त्यांना ऐकू येते.

म्हणून ‘मनावर घेऊ नको’ याचा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो मानसोपचाराचा. त्यात विचारांवर काम होतं आणि भीतीच्या गोष्टीला हळूहळू, पायरीपायरीने सामोरं जायला शिकवतात. सर्वांत खालची पायरी बऱ्याचदा निव्वळ शब्दाची असते, कारण ज्याला धसका बसलाय तो शब्दही टाळतो. ‘ते’, ‘तसं काही’, ‘पोट बिघडणं’ असं म्हणत राहतो.

माझी एक मैत्रीण कॉलेजात असताना आमच्याबरोबर सहलीला कधीच यायची नाही. आम्ही तिला माणूसघाणी समजत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं. फार नंतर तिने सांगितलं की उपचार सुरू झाल्यावर पहिलं काम होतं तो शब्द वहीत लिहिणं. मी शब्दवेडी, म्हणून विचारलं, कोणता शब्द? ती म्हणाली, आधी ‘वांती’. तो पुस्तकातला, लांबचा, म्हणून जमला. मग ‘उलटी’. त्या तीन अक्षरांना आठवडा लागला, पहिल्या दिवशी फक्त ‘उ’ झाला. ‘ओकणे’ सर्वांत शेवटी, कारण त्या शब्दात आवाजही आहे. एकाच क्रियेसाठी भाषेत इतके शब्द कशाला, असं आपण कधी म्हणतो. तिला त्या प्रत्येकाची पायरी करता आली.

परवा फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, ‘सूर्य नुसता आग ओकतोय गं.’ मग आम्ही दोघीही क्षणभर गप्प झालो, आणि पुढचं बोलू लागलो.