आईने भावाच्या नावे बक्षीसपत्र केलेला फ्लॅट परत मिळेल का?

हो, मिळू शकतो. तोवर भाऊ ‘घर सोड’ म्हणतो म्हणून आईने प्रतापनगरचा तो फ्लॅट अजिबात सोडू नये. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ यासाठीच आहे: सांभाळायच्या अटीवर मालमत्ता घेतली आणि मग सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. अर्ज नागपूरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा, हे न्यायाधिकरण तेच चालवतात. आई वॉकरवर चालते म्हणता. तिला झेपत नसेल तर तिने अधिकार दिल्यावर तुम्हीही करू शकता. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात असे अर्ज मी लिहून देतो. एक मात्र बघा: बक्षीसपत्रात नुसतं ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढंच असेल, सांभाळायची अट नसेल, तर प्रकरण अवघड जातं. मग वकिलाला दाखवाच. भाऊ आईला धमकावत असेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर आजच फोन करा.