‘छान’ नको, कुठं अडलीस ते सांग

‘मॅडम, मी लिहिलेलं दुसऱ्या कुणी वाचायला घेतलं की माझे हात गार पडतात. पुढं काही लिहावंसंच वाटत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?’

सांगलीत समुपदेशनाचं काम करताना कॉलेजच्या मुलामुलींकडून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा ऐकायला मिळतो. गणितात मार्क कमी पडले तर मुलं रडतात, वैतागतात, पण पेपर अवघड होता म्हणून मोकळीही होतात. लिहिण्याच्या बाबतीत तसं मोकळं होता येत नाही. निबंधात आपलं घर असतं, आई-आप्पा असतात, आपली बोलायची पद्धत असते. त्यावर कुणी लाल रेघ मारली की ती आपल्यावरच मारली असं वाटतं. या प्रश्नाचं उत्तर म्हणून एका विद्यार्थिनीबरोबरचा अनुभव सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तासगाव तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीनं सांगलीला यायची. घरची द्राक्षबाग, बागेला लागूनच द्राक्षं वाळवून बेदाणा करायची शेड. लेखनकौशल्याच्या पेपरसाठी त्यांच्या सरांनी एक पद्धत ठेवली होती. प्रत्येकानं निबंधाचा कच्चा खर्डा लिहायचा, वर्गातल्या तिघांनी तो वाचून शेरे द्यायचे, मग सर वाचणार आणि श्रेणी देणार. नंतर खर्डा सुधारून पुन्हा द्यायचा आणि सोबत एक टिपण जोडायचं: आपण कसं लिहिलं, मित्रांच्या शेऱ्यांतून काय घेतलं, मिळालेल्या श्रेणीबद्दल काय वाटतं. ती माझ्याकडं आली तेव्हा टिपणाची मुदत जवळ आली होती आणि कागद कोरा होता. सुधारलेला खर्डाही झालेला नव्हता. बारावीपर्यंत भाषेत कायम वरचे मार्क मिळवणाऱ्या या मुलीला ‘बी’ मिळाला होता.

मी विचारलं, ‘मित्रमैत्रिणींनी काय लिहिलंय?’

‘भाषा गावठी वाटते, शुद्ध लिही, असं.’

‘बाकीच्या दोघांनी?’

तिला आठवेना. सरांनी काय लिहिलंय तेही आठवेना. ‘बी’ तेवढा आठवत होता.

कागद तिच्या बॅगेतच होता, चार घड्या घातलेला. तो उघडून आम्ही दोघींनी वाचला. पहिला शेरा होता, ‘छान लिहिलंयस.’ दुसरा तो गावठीवाला. तिसरा असा: ‘शेडवरचा भाग मला सगळ्यात आवडला. पण निवडायला बसलेल्या बायका एकमेकींशी काय बोलत असतात ते आलंच नाही. मला ते ऐकायचं होतं.’ आणि खाली सरांच्या अक्षरात, ‘अनुभव अस्सल. दुसऱ्या आणि चौथ्या परिच्छेदात तोच मुद्दा आलाय. शेवट घाईत उरकला आहे.’

चार शेऱ्यांपैकी दोन अगदी हातात धरून काम करावं असे होते आणि तेच नेमके तिच्या डोक्यातून पुसले गेले होते. पालक अशा वेळी म्हणतात, ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ तिचे आप्पाही म्हणाले होते, ‘मराठीच तर आहे, ते तर येतंयच की आपल्याला.’ आप्पांनी धीर द्यायलाच म्हटलं होतं, पण तिला ते उलटं लागलं: जे सगळ्यांना येतं तेही मला येत नाही.

शेरे विसरणं हा काही तिचा एकटीचा दोष नव्हता. रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास शिक्षणक्षेत्रात अजूनही सांगितला जातो. शाळकरी मुलांच्या एका गटाला नुसते शेरे दिले, दुसऱ्याला नुसते मार्क, तिसऱ्याला दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांची गोडीही टिकली. मार्क आणि शेरे दोन्ही मिळालेली मुलं मात्र नुसते मार्क मिळालेल्यांसारखीच वागली. मार्क दिसले की नजर तिथंच अडकते. त्यामुळं शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं असतं की जमेल तिथं शेरे आधी द्या आणि श्रेणी दोन-चार दिवसांनी. आपल्याकडं वर्गात साठ-सत्तर मुलं आणि वरून मार्क भरायची घाई, हे मला माहीत आहे. तरी एखाद्या खर्ड्यापुरतं हे जमतं.

‘बी’चं ओझं थोडं हलकं व्हावं म्हणून आम्ही हिशोब मांडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पट्टीत ‘ए’ला ८ आणि ‘बी’ला ६ गुणांक असतात. क्रेडिट म्हणजे सरासरीत त्या पेपरचं वजन. तिचा हा पेपर २ क्रेडिटचा, सत्राची एकूण क्रेडिट २२. म्हणजे अख्ख्या पेपरला ‘ए’ऐवजी ‘बी’ पडला तरी फरक २ गुणिले २, म्हणजे ४, भागिले २२. सत्राच्या सरासरीत ०.१८ इतका फरक. आणि हा निबंध तर पेपरचा एक तुकडा. आकडेमोड तिनंच केली. केल्यावर म्हणाली, ‘आकडा लहान आहे मॅडम, पण पोटातला गोळा तेवढाच आहे.’

तिनं हे बोलून दाखवलं याचा मला आनंद झाला. दुखणं मार्कांचं नाही हे तिला स्वतःला दिसलं. ‘गावठी’ हा शब्द तिनं वाक्यावरून उचलून स्वतःला, घराला आणि आईला लावला होता.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथं फार उपयोगी पडते. तिचा एक गाभ्याचा मुद्दा असा की कृतीचं मूल्यमापन करा, अख्ख्या माणसाचं करू नका. अमुक परिच्छेद फसला, असं म्हणता येतं. त्यावरून ‘मी फसलेली’ हे निघत नाही. विद्यार्थ्यांना हे ऐकायला पटतं, पण कागद समोर आला की विसरायला होतं. म्हणून मी तिला प्रत्येक शेरा वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायला सांगितला आणि खाली एकच गोष्ट लिहायची: हा शेरा नेमका कोणत्या ओळीबद्दल आहे?

तिसऱ्या शेऱ्याची ओळ लगेच सापडली. सरांचे परिच्छेद सापडले. ‘छान’ला ओळच नव्हती, ती चिठ्ठी बाजूला राहिली. ‘गावठी’ कुठल्या ओळीला म्हटलंय ते शोधताना ती बराच वेळ थांबली. मग एका वाक्याखाली मारलेली पेन्सिलची रेघ दिसली. वाक्य होतं: ‘बेदाणा निवडायला बसल्या की बायकांची बोटं डोळ्यांच्या आधी पळत्यात.’ बाजूला वाचणाऱ्यानं सुधारून दिलं होतं: ‘महिलांची बोटे नजरेपूर्वी धावतात.’

मी म्हटलं, ‘दोन्ही मोठ्यानं वाच.’ तिनं वाचली. पहिलं वाचताना तिचा हात आपोआप टेबलावर फिरला, काड्या बाजूला सारत दाणे पुढं ओढावेत तसा. दुसरं वाचून ती हसायलाच लागली.

त्या हातामुळं आमचं बोलणं शेडकडं वळलं. ती अर्धा तास सांगत राहिली. माल उतरल्यावर द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढून जाळीवर कशी पसरतात, वारं कमी असलं तर वाळायला कसे दिवस वाढतात, फेब्रुवारी-मार्चात आभाळ आलं की घरात कुणी कुणाशी का बोलत नाही, एकाच जाळीवरचा माल रंगानं आणि आकारानं वेगवेगळा कसा निघतो. यातलं निम्मंही निबंधात नव्हतं. ‘हे का नाही लिहिलंस?’ तर म्हणाली, ‘हे तर सगळ्यांनाच माहीत असतंय की.’ मिरजेतल्या, विश्रामबागेतल्या मुलांना हे माहीत नसतं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिसरा शेरा देणाऱ्याला तेच हवं होतं.

बोलीचा प्रश्न मात्र मी गुळमुळीत सोडला नाही. ‘तुझी भाषा आहे तशीच सुंदर आहे, कुणाचं ऐकू नकोस,’ असं सांगून मुलांना तात्पुरतं बरं वाटतं, पण परीक्षेत आणि नोकरीच्या अर्जात त्यांचीच अडचण होते. प्रमाणभाषा शिकायची असते, ती अवजार म्हणून हाताशी लागते. त्याच वेळी, मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ साली मंजूर झालेल्या लेखननियमांतसुद्धा पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला जागा ठेवलेली आहे. म्हणजे ‘पळत्यात’ चूक की बरोबर, यापेक्षा ते कोण बोलतंय हे आधी ठरवायला हवं. हे तिनं सरांना विचारावं असं मी सुचवलं. तो निर्णय समुपदेशकाचा नव्हे, तिचा आणि तिच्या शिक्षकांचा.

याच गप्पांत एक गोष्ट सहज बाहेर आली. दुसऱ्यांच्या खर्ड्यांवर ती स्वतः काय लिहायची? ‘छान. खूप छान. आवडलं.’ सगळ्यांना तेच. ‘कुणाला वाईट वाटायला नको म्हणून.’

माझ्या अनुभवात शेऱ्यांना घाबरणारी बहुतेक मुलं असेच गुळगुळीत शेरे देतात. शेरा म्हणजे निकाल असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. आपण देताना ‘पास’ म्हणून टाकायचं आणि घेताना ‘नापास’ ऐकायचं. म्हणून मी अशा मुलांना शेरे सोसायला शिकवण्याआधी शेरे द्यायला शिकवते. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांचा २००९ चा एक अभ्यास आहे. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना फक्त दुसऱ्यांच्या लिखाणावर शेरे द्यायला शिकवलं, काहींना फक्त मिळालेल्या शेऱ्यांवरून सुधारायला. ज्यांनी शेरे दिले त्यांचं स्वतःचं लेखन जास्त सुधारलं. मला त्यात नवल वाटत नाही. दुसऱ्याच्या कागदावर आपलं मन गुंतलेलं नसतं, त्यामुळं वाक्य कुठं ढिलं पडलंय ते दिसतं आणि तीच नजर मग आपल्या कागदाकडं वळते.

तिला काम दिलं. मैत्रिणीचा खर्डा घ्यायचा, त्यावर चांगलं, वाईट, छान, चूक यांपैकी एकही शब्द लिहायचा नाही. वाचताना कुठं थांबलीस, कुठं परत मागं जाऊन वाचलंस, कुठं आणखी ऐकावंसं वाटलं, एवढंच समासात लिहायचं. आणि स्वतःचा खर्डा देताना ‘कसा झालाय?’ विचारायचं नाही. ‘कुठं अडलीस ते सांग’ म्हणायचं.

प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रतिक्रियेच्या परिणामांवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरीनं प्रतिक्रियेचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी काम उलट बिघडलं होतं. प्रतिक्रिया जितकी कामाकडून माणसाच्या ‘मी’कडं सरकते तितकी ती निकामी होत जाते, असं त्यांचं म्हणणं. यात कौतुकही आलं, हे पालकांनी ध्यानात घ्यावं. ‘तू हुशारच आहेस’ या वाक्यातही मुलीच्या कामाबद्दल काहीच नसतं.

पुढच्या भेटीला ती मैत्रिणीचा कागद घेऊनच आली. समासात तिच्या बारीक अक्षरात सात-आठ नोंदी होत्या. एक होती, ‘इथं आजी अचानक गेली असं वाटलं. मी दोनदा वाचलं.’ मैत्रिणीनं त्या नोंदीवरून अख्खा परिच्छेद नव्यानं लिहिला होता. ‘तिला वाईट वाटलं का?’ मी विचारलं. ‘नाही. म्हणाली, तुला कळलं म्हणजे बरं झालं.’

मग तिचं स्वतःचं टिपण झालं. त्यातल्या काही ओळी तिच्या परवानगीनं देते: ‘मला वाटायचं वाचणारा माझ्यापेक्षा वरच्या पायरीवर बसलेला असतो. मी स्वतः वाचायला बसले तेव्हा कळलं, वाचणारा पण मधेच हरवतो आणि रस्ता विचारतो. मला मिळालेल्या शेऱ्यांतला एक रस्ता विचारणारा होता, तो मी आधी वाचलाच नव्हता. श्रेणीबद्दल अजून वाईट वाटतं. पण वाईट वाटत असतानाही दुरुस्ती करता येते.’

शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबायचं ठरवलं तर मुदत निघून जाते.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खर्डा परत मिळाल्यावर एक-दोन दिवस चुटपुट लागणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे झोप, जेवण बिघडलं, कॉलेज टाळायला सुरुवात झाली, जगण्याचाच कंटाळा आल्याचं मूल बोलू लागलं, तर तो विषय निबंधाचा राहत नाही. लगेच तज्ज्ञांकडं जावं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथं मराठीतून बोलता येतं.

सुधारलेल्या खर्ड्यात ‘बोटं डोळ्यांच्या आधी पळत्यात’ हे वाक्य राहिलं. आता ते शेडवर बसलेली तिची आई शेजारणीला म्हणते. बायकांचं बोलणं आलं, मालाच्या दराची काळजी आली, चौथा परिच्छेद गेला. श्रेणी मिळाली ‘बी प्लस’. ‘ए’ का नाही, हे विचारायला ती स्वतः सरांकडं गेली. सर म्हणाले, शेवट अजून घाईतच आहे. तिला ते पटलं नाही. तिनं सांगितलं, ‘सर, हंगाम संपला की शेड एका दिवसात रिकामी होती. आदल्या दिवशी बसायला जागा नसती आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या जाळ्या. शेवट लांबणार कसा?’ सरांनी विचारलं, ‘मग हे वाक्य निबंधात कुठं आहे?’ यावर तिच्याकडं उत्तर नव्हतं. श्रेणी आता बदलणार नाही, तरी तिनं घरी जाऊन शेवट पुन्हा लिहिला आणि तिसऱ्या शेऱ्यावाल्या मुलाला वाचायला दिला.