मी वाचणार नाही

"मॅडम, पीएच.डी. करू का?"

मी समुपदेशक. वर्षातून दहा-बारा वेळा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येऊन बसतो. कधी प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेचा निकाल लागलेला असतो, कधी विद्यापीठाच्या पीएच.डी. प्रवेशाच्या पेट परीक्षेची नोटीस निघालेली असते. कधी घरात लग्नाचं बोलणं सुरू झालेलं असतं आणि पीएच.डी. हा त्यावर शोधलेला सभ्य उतारा असतो. थोडं खरवडलं की खाली बहुतेकदा दुसराच प्रश्न निघतो: "मला जमेल का?"

पूर्वी मी त्याचं उत्तर द्यायचे. गुणपत्रिका बघायचे, "न जमायला काय झालं?" म्हणायचे आणि माणूस खूश होऊन जायचा. दोन-तीन वर्षांनी तोच परत यायचा, अर्ध्यात अडकलेला. आता मी उत्तर देत नाही. का, ते एका मुलीच्या गोष्टीतून सांगते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय २९, इतिहासात एम.ए., सेट (नेटसारखीच राज्याची परीक्षा) झालेली, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी. पुण्यात कर्वेनगरला घर, नवरा हिंजवडीत नोकरीला, मुलगी अडीच वर्षांची, सासूबाई मदतीला. पहिल्याच भेटीत तिनं पिशवीतून फाईल काढली. दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, एकेक प्लास्टिकच्या कव्हरात. डॉक्टरला रिपोर्ट दाखवावेत तशी ती माझ्यासमोर सरकवत म्हणाली, "हे बघून सांगा."

पहिल्या दोन भेटी नुसत्या माहितीत गेल्या. हे समुपदेशकाचं काम नव्हे, असं माझ्या क्षेत्रातले काहीजण म्हणतील. माझा अनुभव असा, की भीतीतला निम्मा भाग अर्धवट माहितीचा असतो. तो झाडून काढल्यावर उरते ती खरी भीती.

तिला वाटत होतं, पीएच.डी. नसेल तर सहायक प्राध्यापक होताच येणार नाही. तसा नियम येऊ घातला होता खरा, पण २०२३मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, स्पष्ट केलं, की थेट भरतीसाठी नेट किंवा राज्यपातळीवरची सेट/स्लेट ही किमान अर्हता आणि पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे तिच्या हातात सेटचा कागद आधीच होता. हे कळल्यावर ती जरा नाराजच झाली. पीएच.डी.ला दिलेलं एक कारण हातातून निसटलं ना!

दुसरा धक्का वर्षांचा. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीप्रमाणे कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचा अभ्यासक्रम, धरून किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, स्त्रियांना त्यावर आणखी दोन. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. "म्हणजे दहा वर्षं?" ती डोळे मोठे करून म्हणाली. मी म्हटलं, "दहा ही मुदत झाली, बेत नव्हे. चार-पाच वर्षं धरून चाल, आणि ती तुझ्या मुलीच्या वयात मोज." तिनं मोजली. मुलगी दुसरीत जाईल. त्या हिशेबानं ती पहिल्यांदा गप्प झाली.

पैशांचंही बोललो. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या समाजगटांसाठी आहेत, त्यांच्या जाहिराती पाहत राहायच्या. मात्र कुठलीही फेलोशिप एक तारखेच्या पगारासारखी खात्यात पडेल, असं धरून घराचे हप्ते ठरवू नयेत. सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण मान डोलावून विसरतो.

तिसऱ्या भेटीत खरी भीती बाहेर आली. "गाईडना माझं काम आवडलंच पाहिजे ना? नाही आवडलं तर?"

विचारातले हट्ट शोधायला शिकवणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची मी जुनी विद्यार्थिनी. वर्गातली नव्हे, पुस्तकांतली. त्यामुळे माणसाच्या बोलण्यातला 'च' मला सगळ्यात आधी ऐकू येतो. आवडावं, ही इच्छा. आवडलंच पाहिजे, हा हट्ट. आपली मराठी एका अक्षरात हा फरक करते. पण ते लगेच तिला सांगितलं असतं, तर तिनं वहीत लिहून घेतलं असतं आणि पहिला नंबर काढला असता. म्हणून काम दिलं.

"तीन शनिवार घे. असा एक प्रश्न निवड, ज्याचं उत्तर एका पुस्तकात तयार मिळणार नाही. जे सापडेल ते लिही."

"किती पानं?"

"तू ठरव."

हे उत्तर तिला मुळीच आवडलं नाही.

महिन्याभरानं आली ती बोलतच आली. तिनं पुण्यातले जुने पाण्याचे हौद निवडले होते. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावं पेठांमध्ये रोज घेतली जातात, पण हौदाचं पाणी लोकांनी नेमकं कधी आणि का सोडलं? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळानं शहरात पाणी आलं, हे सगळ्यांना ठाऊक. पुढचं काय? एक शनिवार विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात, दुसरा पेठेत उन्हात उभं राहून. तिसरा अगदी वाया गेला. हवे ते कागद जुन्या मोडी लिपीत असणार आणि तिला मोडी वाचता येत नव्हती.

मग तिनं चार पानं पुढे केली. आखीव कागद, डावीकडे पेन्सिलनं समास, सुवाच्य अक्षर. मी हात मांडीवरच ठेवले.

"मी वाचणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही वाचणार. छान आहे, वाईट आहे, काहीच सांगणार नाही."

पानं हवेतच राहिली. कान लाल झाले तिचे. बाहेर कुणाची तरी स्कूटर किक मारूनही सुरू होत नव्हती, ते आम्ही दोघींनी बराच वेळ ऐकलं. मग ती जवळजवळ ओरडली, "मग मी हे लिहिलं कुणासाठी?"

आणि थांबली. पानं तिनं स्वतःकडे वळवली आणि माझ्यासमोरच वाचू लागली. दुसऱ्या पानावर पेन काढून तिनं एक ओळ खोडली. पाच-सात मिनिटांनी, मी खोलीत नसल्यासारखी, म्हणाली, "इथे मी नुसतं ठोकून दिलंय. मला हे माहीतच नाहीये."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, आणि त्या दिवशी मी स्वतःवर थोडी खूश होते, हे कबूल करते. खुशीपेक्षा महत्त्वाचं होतं ते मला कळलेलं. हुशार मुलं पंधरा-सतरा वर्षं दर सहा महिन्यांनी शाबासकी घेत मोठी होतात. संशोधनात दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते, तिथे शाबासकीपेक्षा शंकाच जास्त मिळतात. मधले महिने कुणी विचारत नाही. प्रबंधाचं प्रकरण गाईडकडे जातं आणि आठवडेच्या आठवडे परत येत नाही. "जमेल का?" हा परीक्षेतला प्रश्न झाला. मी आता विचारते, "कुणी बघत नसताना तू या विषयाकडे परत जातेस का?" तीन शनिवार पुरतात. निम्मे लोक दुसऱ्या शनिवारीच सोडतात आणि सुटल्यासारखे हसत येऊन सांगतात. त्यांचंही मी अभिनंदन करते. पाच वर्षं वाचली.

तिची ओढ खरी होती, पण तिनं घाई केली नाही. त्या वर्षी अर्ज न करता मोडी शिकली. मग गाईड शोधायला निघाली, तेव्हा मी एवढंच सांगितलं, की आधी गाईडना नव्हे, त्यांच्या विद्यार्थ्यांना भेट. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार, यापेक्षा जास्त संशोधक घेता येत नाहीत. म्हणजे जागा आहे का हेही तिथेच कळतं. त्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये चहा पाज आणि दोनच गोष्टी विचार: शेवटचं लिखाण कधी दिलंत, आणि ते कधी परत मिळालं? ज्यांच्या विद्यार्थ्यांनी हे विचारल्यावर एकमेकांकडे पाहिलं, ते नामवंत गाईड तिनं सोडले.

आता तिचं कोर्सवर्क संपलं आहे. घरी सासूबाईंची कुरकुर आहे, मुलीचा ताप नेमका सादरीकरणाच्या आदल्या दिवशीच येतो. मधूनमधून ती भेटायला येते. गेल्या खेपेला मी सहज विचारलं, "ती हौदांची चार पानं आहेत का गं अजून? आता वाचायला दे की."

"नको," ती म्हणाली. "दुसरं पान अजून चुकलेलंच आहे."